कोरड्या रानातील शरद-फेरी : आयोजकांनी या चुका टाळाव्यात

पावसाळा ओसरला की खानदेशातील शाळा, महाविद्यालये आणि निसर्गमंडळे यांच्या मैदानी कार्यक्रमांना सुरुवात होते. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह आणि त्यांच्या मागेपुढे कोजागरी व दिवाळीची सुटी, असा हा गर्दीचा हंगाम असतो. खानदेशात राजस्थानसारखे वाळवंट नाही. पण लळिंगचे कुरण, अनेर धरणाभोवतीचा टापू किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे अंजन, खैर आणि हिवराचे विरळ रान येथे कायदा बराचसा वाळवंटाचाच चालतो. सावली थोडी, पाणी ठरावीक जागी आणि जनावरांची हालचाल दिवसाच्या दोन टोकांना. कार्यक्रम फसतात ते बहुधा यामुळे, की वेळापत्रक पाहुण्यांच्या आणि बसच्या सोयीने आखले जाते आणि रानाचे स्वतःचे वेळापत्रक कोणी विचारात घेत नाही.

उद्घाटन आधी, रान नंतर

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. सकाळी दहाला दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग मनोगते आणि अकराच्या सुमारास प्रत्यक्ष फेरी. इतर प्रदेशांत शरद ऋतू म्हणजे ऊन उतरण्याचा काळ असेल. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये दुपारचा पारा पस्तिशीच्या आसपास असतो, जमिनीत ओल शिल्लक असल्याने उकाडा अधिक जाणवतो आणि अकरा वाजता झाडावर एखाद्या कोतवालाशिवाय काही दिसत नाही. या दिवसांत सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्यामुळे सहाला जमावे, पहिले अडीच तास फेरीला द्यावेत आणि सत्कार करायचेच असतील तर ते परत आल्यावर सावलीत करावेत. प्रमुख पाहुणे उशिरा येणार असतील तर एका कार्यकर्त्याने त्यांच्यासाठी थांबावे. पन्नास मुलांना उन्हात थांबवू नये.

प्रत्येकाजवळ किमान दोन लिटर पाणी असावे आणि ते गाडीत नव्हे, पाठीवर असावे. कोणाला चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा मळमळले तर त्याला सावलीत बसवून अंगावर ओले फडके फिरवावे, वारा घालावा आणि ओआरएस घोट घोट पाजावे. मात्र व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काहीही न देता अंग ओले करत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

कुसळे

माहितीपत्रकात ‘बूट घालावेत’ एवढेच लिहिले जाते आणि निम्मी मंडळी जाळीच्या कापडी बुटांत व जाड मोज्यांत येतात. ऑक्टोबर संपता संपता कुसळी गवत पिकलेले असते. कुसळाचे टोक सुईसारखे असून त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस असतात, त्यामुळे ते मोज्यात एकदा शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. अर्ध्या तासात मुले चालण्याऐवजी खाली बसून पाय चिवडू लागतात आणि मार्गदर्शकाचे बोलणे वाऱ्यावर जाते. यावर उपाय साधा आहे : घोट्यापर्यंतचे चामडी किंवा रबरी बूट, गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि गटामागे एक चिमटा.

एवढे करूनही कुसळे लागलीच, तर फेरी थांबवून त्यांचाच पाठ घ्यावा. सुटे कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की त्याची पीळ पडलेली लांब शेपटी उलगडू लागते आणि सबंध कुसळ हातावर गोल फिरते. ओल मिळताच फिरत फिरत बी जमिनीत रुतवण्याची ही गवताची युक्ती आहे. महागड्या दुर्बिणीतून दिसलेला पक्षी जे साधत नाही, ते हा एक थेंब साधून जातो.

तारखेप्रमाणे विषय न निवडणे

वन्यजीव सप्ताहात हतनूर धरणावर पाणपक्षी दाखवायला नेणे ही दुसरी हमखास फसगत. ऑक्टोबरच्या आरंभी जलाशय तुडुंब असतो, काठावरचा गाळ उघडा पडलेला नसतो आणि जे पक्षी असतात ते दूरवर ठिपक्यांसारखे दिसतात. हिवाळी बदके आणि चिखलपक्षी यांच्यासाठी नोव्हेंबरअखेरनंतरची फेरी ठेवावी. ऑक्टोबरचा विषय म्हणजे गवते, कोळी, फुलपाखरे आणि पिवळा फुललेला तरवड. पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली (५ नोव्हेंबर) आणि डॉ. सलीम अली (१२ नोव्हेंबर) यांच्या जन्मदिनांना जोडून येतो, त्यामुळे त्याची तारीख हलवता येत नाही. पण जागा हलवता येते. धरणाऐवजी माळ निवडावा. तोवर धोबी आणि गप्पीदास आलेले असतात आणि संध्याकाळी गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिसण्याची शक्यता असते.

कोजागरीचे आकाशदर्शन हाही असाच प्रकार. दूध आटवण्यासाठी पौर्णिमा उत्तम, ताऱ्यांसाठी ती सर्वांत वाईट रात्र. अश्विन वद्य सप्तमी-अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्याहून उशिरा उगवतो, त्यामुळे दिवाळीआधीच्या त्या संध्याकाळी घ्याव्यात. अमावास्येला लक्ष्मीपूजन सोडून कोणी माळावर येणार नाही. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, म्हणून ध्रुवतारा शोधण्यासाठी शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आधार घ्यावा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला मार्गदर्शक अडखळतो.

रानपिंगळ्याचा हट्ट

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा हे छोटे घुबड दिसले. त्याआधीची खात्रीची नोंद १८८४ ची होती आणि हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. खानदेशाला याचा अभिमान वाटणे रास्तच आहे. अडचण अशी, की आता प्रत्येक सहलीत तो ‘दाखवलाच पाहिजे’ असा आग्रह धरला जातो आणि त्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला जातो. पक्ष्याला वाटते की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला. तो खाणे, बसणे सोडून त्या आवाजाच्या मागे लागतो. गटामागून गट येऊन हेच करू लागले तर तो ती जागा सोडूनही जाऊ शकतो. हा घुबडवर्गीय असला तरी दिवसा वावरतो आणि सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, तेव्हा शांत बसून वाट पाहणे हाच मार्ग आहे. दुसरे म्हणजे, दिसलेला प्रत्येक पिंगळा रानपिंगळा नसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ साधा असतो. हे न पाहता मोबाइलच्या गटावर अभिनंदनाचे संदेश टाकण्याची घाई करू नये.

परवानगी, चिखल आणि साप

यावल किंवा अनेरसारख्या अभयारण्यात ‘ओळखीने’ शिरता येते, असा समज अजून टिकून आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार प्रवेशावर निर्बंध आहेत आणि अभ्यास, छायाचित्रण किंवा पर्यटनासाठी कलम २८ खाली परवाना घ्यावा लागतो. अर्जात तारीख, संख्या, वाहने आणि वाट स्पष्ट लिहावी आणि उत्तर हाती आल्यावरच जाहिरात करावी.

परतीच्या पावसाची एखादी सर आली की काळ्या मातीच्या गाडवाटेवर बस रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तोही लगेच मिळत नाही. म्हणून बस डांबरी रस्त्यावरच ठेवून उरलेले अंतर चालावे. गडगडाट ऐकू आल्यास एकट्या झाडाखाली न थांबता वाहनात परतावे.

खडकाळ माळावर फुरसे असते, म्हणून दगड उलथू नयेत आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. तो साठा कोठे आहे याची चौकशी आदल्या दिवशीच केलेली असावी.

भरीत

नोव्हेंबर उजाडला की माहितीपत्रकात ‘भरीत पार्टी’ येतेच. वाळलेल्या गवतात पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा) जाळ करून वांगी भाजणे म्हणजे संपूर्ण कुरण पणाला लावणे होय, आणि अभयारण्यात तर कलम ३० नुसार आग लावण्यास, तसेच अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने ती पेटती सोडण्यास मनाई आहे. कोणाला वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. भरीत सोडावे असे कोणी म्हणत नाही. फेरी आटोपल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून, त्याच्या मळ्यातील साफ केलेल्या खळ्यावर, पाण्याची टाकी शेजारी ठेवून वांगी भाजावीत, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचावीत आणि निघताना राखेवर दोन बादल्या ओतून ती काडीने ढवळून पाहावी.