महागडी स्पीकर वायर खरोखर वेगळी ऐकू येते का? घरच्या घरी चाचणी कशी घ्यावी

दोन वर्षांपूर्वी मी साडेआठ हजार रुपये मोजून स्पीकरच्या वायरची एक जोडी घेतली आणि त्याच संध्याकाळी तंबोऱ्याची जवारी (तारांचा घुमणारा झणकार) मला अधिक मोकळी ऐकू आली. आठवडाभराने धाकट्या बहिणीला मदतीला घेऊन न बघता ओळखण्याची चाचणी घेतली, तेव्हा १६ पैकी १४ वेळा मी नवी वायर बरोबर ओळखली. तरीही तो निकाल चुकीचा होता. तो का चुकला हे समजल्यावर मी चाचणीची जी पद्धत पक्की केली, ती येथे देत आहे.

तुलनेसाठी नागपुरात बर्डीवरच्या किंवा इतवारीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असलेली) लवचीक तांब्याची वायर, महागड्या वायरीच्याच लांबीची कापून आणावी. घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, आणि ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्केच असल्यामुळे तुलना तिथेच बिघडते. तार वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर मात्र काळजी नको, ते कल्हई केलेले तांबे आहे.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मीही ती गाळली होती: दोन्ही वायरींतून स्पीकरपर्यंत सारखाच व्होल्टेज पोहोचतो की नाही हे मोजणे. आवाज अगदी थोडा मोठा झाला तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'अधिक स्पष्ट' वाटतो, आणि त्याचे श्रेय आपण वायरीला देऊन टाकतो. यासाठी २ व्होल्टची एसी रेंज असलेला मल्टिमीटर घ्यावा, मोबाइलवरून २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर दीड व्होल्टच्या आसपास आकडा येईल इतका आवाज ठेवावा. मग आवाजाच्या बटणाला हात न लावता, ॲम्प्लिफायर बंद करून वायर बदलावी आणि पुन्हा मोजावे. दोन आकड्यांत १ टक्क्याहून कमी फरक असेल, तर आवाजातील फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो आणि चाचणी पुढे नेण्यास हरकत नाही.

माझी जुनी वायर अर्ध्या एमएमची आणि ५ मीटर लांब होती. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) ०.३४ ओहमच्या आसपास यायला हवा होता, पण मल्टिमीटरने ०.९ दाखवला. स्पीकरमागचा स्क्रू उघडला तेव्हा दिसले की बहुतेक तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या आणि जेमतेम चार-पाच तारांवर सगळा कारभार चालला होता. उन्हाळाभर कूलरच्या ओलसर हवेत त्या टोकाकडे मी एकदाही पाहिले नव्हते. ८ ओहमच्या स्पीकरला यामुळे जवळपास १ डेसिबलची घट येत होती. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे ही घट सगळीकडे सारखी पडत नाही आणि आवाजाचा पोतही बदलतो. म्हणजे मी ऐकलेला फरक खरा होता. फक्त तो नव्या वायरीचा गुण नसून जुन्या वायरीचा दोष होता.

मोजमाप जुळले की ऐकण्याकडे वळावे. एकाच स्पीकरवर चाचणी घेणे सोपे जाते. दोन्ही वायरी स्पीकरला जोडून ठेवाव्यात आणि ॲम्प्लिफायरच्या बाजूला मधोमध बंदची जागा असलेला डबल-पोल (वायरीच्या दोन्ही तारा एकदम बदलणारा) टॉगल स्विच बसवावा, म्हणजे क्षणात बदल करता येतो. सुराची बारीक आठवण काही सेकंदांतच विरते, म्हणून उठून वायर काढण्या-घालण्यात दोन मिनिटे गेली तर तुलनेला अर्थ उरत नाही. मदतनिसाने आधीच १६ वेळा नाणे उडवून क्रम लिहून ठेवावा, पडद्याआड बसावे आणि चाचणी संपेपर्यंत काहीही बोलू नये. बदल असो वा नसो, स्विच प्रत्येक वेळी मधल्या बंद जागेत नेऊन मग हव्या बाजूला, असा दोनदा खटकवावा, नाहीतर कान संगीताऐवजी खटक्याचाच माग काढतो. ऐकण्यासाठी तंबोऱ्याचा २०–३० सेकंदांचा तुकडा उत्तम, कारण त्याचा नाद सलग आणि स्वरांशांनी भरलेला असतो. कूलर आणि पंखा बंद ठेवावा. मे महिन्यात हे करायचे असेल तर पहाटेची वेळच बरी.

१६ फेऱ्या आधीच ठरवाव्यात आणि निकाल हवा तसा लागला म्हणून मध्येच थांबू नये. निव्वळ अंदाजाने ८ च्या आसपास उत्तरे बरोबर येतात, तर १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून १२ ही रेषा मानावी. जुन्या वायरीच्या जागी अडीच एमएमची वायर लावून मी पुन्हा बसलो, तेव्हा १६ पैकी ९ उत्तरे बरोबर आली. बहिणीला तर ७ च जमली, आणि ती गाते.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. डिसेंबरातल्या २० अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी आपल्या नागपुरातली प्रत्येक स्पीकर वायर जवळपास १० टक्के अधिक रोध दाखवते, आणि तरीही ऋतू बदलल्याने आवाज बिघडल्याची तक्रार मी कोणाकडून ऐकलेली नाही. पुरेशी जाड, खऱ्या तांब्याची आणि टोकांना घट्ट बसलेली वायर घेतल्यावर त्यापुढचे पैसे कानापर्यंत पोहोचत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. तेच पैसे खर्च न करता स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढून पाहावा. तो फरक कोणालाही न मोजता ऐकू येतो.

रेकॉर्ड प्लेअरची केबल मात्र वेगळ्या न्यायाने तपासावी. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) केबलची धारिता, म्हणजे पिकोफॅरडमध्ये मोजली जाणारी विद्युतभार साठवण्याची क्षमता, खरोखर जाणवते आणि वरच्या पट्टीचा आवाज बदलतो, त्यामुळे तिथे किंमत न पाहता कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेला पिकोफॅरडचा आकडा पाहून केबल निवडावी.

कूलर आवरून ठेवण्याच्या दिवशीच स्पीकरमागची टोकेही उघडून पाहावीत. तांबे हिरवे किंवा काळे पडले असेल तर अर्धा इंच कापून वायर नव्याने सोलावी, तारा नीट पिळून स्क्रूखाली घट्ट बसवाव्यात आणि एकही तार शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही याची खात्री करूनच ॲम्प्लिफायर सुरू करावा.