समविभव रेषा कशा काढाव्यात आणि कशा वाचाव्यात

साताऱ्याच्या परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा समोर पसरला की अजिंक्यताऱ्याभोवती समोच्च रेषांची वेटोळी दिसतात. एका रेषेवरची सर्व ठिकाणे सारख्याच उंचीवर असल्यामुळे त्या रेषेवरून चालणाऱ्याला चढही लागत नाही आणि उतारही लागत नाही. जिथे रेषा दाटीने येतात तिथे कडा उभा असतो. ज्याला हा नकाशा वाचता येतो, त्याला विद्युत प्रभाराभोवतीच्या समविभव रेषा निम्म्या समजलेल्याच असतात. उंचीच्या जागी विभव घ्यायचे, म्हणजे एकक धन प्रभार फार दुरून त्या बिंदूपर्यंत आणण्यासाठी करावे लागणारे कार्य. एका कूलोममागे एक ज्यूल कार्य करावे लागले, तर तेथील विभव एक व्होल्ट असते.

सुरुवात एकट्या प्रभारापासून करावी. ९ अब्ज या स्थिरांकाला कूलोममधील प्रभाराने गुणून मीटरमधील अंतराने भागले की विभव मिळते. प्रभार एक नॅनोकूलोम, म्हणजे कूलोमचा एक अब्जांश, घेतला तर गुणाकार नेमका ९ येतो आणि तोंडी हिशेब करता येतो: १ मीटरवर ९ व्होल्ट, अर्ध्या मीटरवर १८, सुमारे ३३ सेंटिमीटरवर २७ आणि २५ सेंटिमीटरवर ३६ व्होल्ट. या अंतरांची वर्तुळे कागदावर प्रमाणात काढावीत. दोन शेजारच्या वर्तुळांमधील फरक प्रत्येक वेळी ९ व्होल्टच आहे, पण आत जाताना वर्तुळे एकमेकांना चिकटत जातात. ती दाटी म्हणजेच तेथील तीव्र विद्युत क्षेत्र, म्हणजे एकक धन प्रभारावर लागणारे बल, होय.

खरा गोंधळ दोन प्रभार आल्यावर होतो, म्हणून येथे थांबून विचार करावा. विभवाला दिशा नसते, त्यामुळे प्रत्येक प्रभाराचे विभव चिन्हासह काढून सरळ बेरीज करावी. एक नॅनोकूलोमचे दोन धन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर मध्यबिंदूवर ९० आणि ९० मिळून १८० व्होल्ट विभव असते, पण दोन्हीकडचे ढकलणे सारखे असल्यामुळे क्षेत्र शून्य असते. त्यांपैकी एक प्रभार ऋण केला की उलट घडते: मध्यबिंदूचे विभव शून्य होते आणि क्षेत्र मीटरला १८०० व्होल्ट इतके भरते. विभव शून्य म्हणजे क्षेत्रही शून्य, हा समज येथेच मोडून काढला पाहिजे. दोन धन प्रभारांचा मध्यबिंदू डोळ्यांसमोर आणायचा असेल, तर साताऱ्याच्या बोगद्यावरची खिंड आठवावी. तिथे एका बाजूला अजिंक्यतारा आणि दुसऱ्या बाजूला यवतेश्वराचा डोंगर चढत जातो, तर शहराकडे आणि सज्जनगडाच्या बाजूला उतार लागतो. खिंडीचा माथा बऱ्याच उंचीवर असतो, पण नेमक्या त्या बिंदूवर जमीन सपाट असते.

आता या रेषा प्रत्यक्ष काढून पाहाव्यात. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा पसरट ट्रे घेऊन त्याखाली आलेख कागद ठेवावा आणि ट्रेमध्ये सुमारे एक सेंटिमीटर नळाचे पाणी भरावे. स्टीलची परात कधीही वापरू नये, कारण धातूचा संपूर्ण तळ एकाच विभवावर येतो आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. दोन पितळी बोल्ट १५ सेंटिमीटर अंतरावर उभे ठेवून ते ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडावेत. घरातील विजेच्या सॉकेटचा येथे काहीही संबंध येऊ देऊ नये. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी तार ऋण बोल्टला जोडावी, लाल टोक पाण्यात उभे धरून ३ व्होल्ट दाखवणारे बिंदू शोधत जावेत आणि ते दुसऱ्या आलेख कागदावर उतरवावेत. आठ-दहा बिंदू मिळाले की ते सलग वक्राने जोडावेत, मग २, ४.५, ६ आणि ७ व्होल्टच्या रेषा काढाव्यात. मधली रेषा जवळजवळ सरळ येते आणि बाकीच्या आपापल्या बोल्टकडे वळतात. बोल्टच्या पृष्ठभागाशी थोडे विभव खर्च होत असल्याने आकडे किंचित इकडेतिकडे होतात; त्यामुळे प्रयोग चुकला असे समजू नये.

ट्रेमधील पाण्याचा थर पातळ असल्यामुळे तिथे विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात नव्हे, तर लॉगॅरिदमच्या नियमाने बदलते. म्हणून वरच्या सूत्राचे आकडे ट्रेमध्ये शोधू नयेत, रेषांचा आकार पाहावा.

बलरेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणारी रेषा, प्रत्येक समविभव रेषेला काटकोनातच छेदते, कारण क्षेत्राचा थोडासा भाग जरी रेषेच्या दिशेने असता, तरी रेषेवरून प्रभार सरकवताना कार्य झाले असते आणि मग ती रेषा समविभव राहिलीच नसती. क्षेत्राची तीव्रताही याच कागदावरून काढता येते: ३ आणि ४.५ व्होल्टच्या रेषा २ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर तेथे मीटरला सुमारे ७५ व्होल्ट क्षेत्र असते. शेवटी ट्रेच्या मध्यभागी, वरचा काठ पाण्याबाहेर राहील असे रुंद पितळी कडे ठेवून त्याच्या आतील पाण्यात टोक फिरवावे. तिथे सगळीकडे एकच आकडा येतो.

हाच नकाशा पावसाळ्यात उसाच्या शेतात तुटून पडलेल्या तारेभोवती जमिनीत उमटतो, आणि तिथे विभव साधारणपणे अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरते. समजा तारेपासून १ मीटरवर विभव ६०० व्होल्ट आहे. मग ३ मीटरवर ते २०० आणि साडेतीन मीटरवर सुमारे १७१ होईल, म्हणजे अर्ध्या मीटरचे पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या दोन पायांत २९ व्होल्टचा फरक पडेल. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असलेल्या बैलाला मात्र तो ६७ व्होल्ट लागेल. तोच बैल वर्तुळाच्या रेषेवर आडवा उभा असेल, तर फरक अगदी थोडा राहतो, पण बिथरलेले जनावर कोणत्या दिशेला वळेल याचा भरवसा नसतो. म्हणून त्याला सोडवायला धावू नये, वीज कार्यालयाला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि आपण आधीच त्या जागेत सापडलो असू, तर दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच-इंच सरकत बाहेर यावे.