बायोप्लॅस्टिक बनवताना, वापरताना आणि टाकताना या चुका टाळा

बायोप्लॅस्टिकच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. गरम पेय ओतताच पेला वाकडा झाला, पिशवी दोन दिवसांत तळातून फाटली, साच्यातून निघालेला नग हातात घेताच तुटला, खताच्या ढिगात टाकलेला चमचा वर्षभराने जसाच्या तसा निघाला. यातल्या बऱ्याच तक्रारींत मालात खोट नसते. समोरचा पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, ज्यापासून प्लॅस्टिक बनते) नेमका कोणता, हे पाहायचे राहून गेलेले असते.

नावावरून गुण ठरवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'बायो' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे कच्चा माल वनस्पतींतून आलेला आहे. दुसरी म्हणजे सूक्ष्मजीव ती वस्तू खाऊन संपवतात. एक गुण असला की दुसरा असेलच असे नाही. उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिइथिलीन बनते. ब्राझीलमधली ब्रास्केम कंपनी २०१० पासून ते मोठ्या प्रमाणावर बनवते. त्याचा रेणू खनिज तेलातून आलेल्या पॉलिइथिलीनसारखाच असतो, म्हणून ते कुजत नाही. मात्र नेहमीच्या पॉलिइथिलीनसोबत त्याचा पुनर्वापर बिनधास्त करता येतो. पीबीएटी या लवचिक पॉलिएस्टरचे याच्या उलट आहे. तो बहुतांशी खनिज तेलातून येतो, पण कंपोस्टमध्ये त्याचे विघटन होते. ओल्या कचऱ्याच्या लवचिक कंपोस्टेबल पिशव्यांत सहसा तोच असतो, स्टार्च किंवा पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, साखरेपासून बनणारे प्लॅस्टिक) मिसळून.

म्हणून माल घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: पॉलिमर कोणता, प्रमाणपत्र कोणत्या मानकाचे, आणि ते किती जाडीपर्यंत लागू आहे? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पातळ फिल्म म्हणून चाचणीत उतरलेले रेझिन (कच्चे प्लॅस्टिक) जाड ट्रे झाले की त्याच मुदतीत तुटेलच याची हमी नसते. शाई, गोंद आणि आतला लेप यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी६८६६ ही चाचणी रेडिओकार्बन मोजून मालातला जैविक कार्बन किती हे सांगते. विघटनाबद्दल ती काहीच सांगत नाही. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' माल तर साधे प्लॅस्टिकच असते. धातूंच्या क्षारांमुळे त्याचे बारीक तुकडे होतात, एवढेच. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून अशा वस्तू बाजारात आणायला बंदी आहे.

पीएलएला उष्णता सोसेल असे धरून चालणे

पीएलए बनवताना मका किंवा उसातल्या साखरेचे किण्वन करून लॅक्टिक आम्ल मिळवतात, त्यापासून लॅक्टाइड हे वलयी संयुग तयार करतात आणि ते वलय उघडून लांब साखळ्या जोडतात. तयार माल पारदर्शक आणि कडक दिसतो, पण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. वितळायला १५० अंशांच्या पुढे जावे लागते, हे वाचून अनेकांची फसगत होते. वस्तूचा आकार टिकायचा तर बघायचा आकडा पहिला. उन्हात उभी असलेली बंद गाडी, डिशवॉशर, गरम यंत्राशेजारचे कपाट एवढ्या कारणानेही खोकी आणि झाकणे वाकतात.

गरम पदार्थांसाठी सीपीएलए, म्हणजे स्फटिकी पीएलए, घ्या. त्यात टाल्कसारखा पदार्थ घालून पीएलएचे स्फटिकीकरण (साखळ्या शिस्तीत रचणे) केलेले असते आणि तो साधारण ८५ अंशांपर्यंत टिकतो. ओळखायची खूण सोपी आहे: पारदर्शक पीएलए फक्त थंड पदार्थांसाठी, गरमाचे चमचे आणि झाकणे अपारदर्शक. कागदी पेल्याला आतून पीएलएचा लेप असेल तर गरम पेय चालते, कारण तिथे आकार कागद धरून ठेवतो.

पीएलएतून बाष्प आणि वायू बऱ्यापैकी आरपार जातात. कुरकुरीत पदार्थ फार दिवस टिकवायला किंवा फसफसणारे पेय भरायला तो घेऊ नका.

दाणे न सुकवता मशीनला लावणे

कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात भरताना काहीही बिघडले तरी पहिली शंका ओलाव्यावर घ्यावी. पीएलए हे पॉलिएस्टर आहे. वितळलेल्या अवस्थेत उरलेले पाणी त्याच्या साखळ्या कापते. साखळ्या आखूड झाल्या की रस (वितळलेला माल) पातळ होतो आणि नग ठिसूळ. लक्षणे अशी: नगावर चंदेरी रेघा, आत बुडबुडे, नोझलमधून (मशीनच्या तोंडातून) आपोआप गळणारा रस, साच्याच्या कडेला फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) आणि हातात मोडणारा नग. फ्लॅश दिसला की ऑपरेटर दाब कमी करतो. नग ठिसूळ निघाला की माल नीट वितळला नसेल असे समजून तापमान वाढवतो. वाढलेल्या तापमानात साखळ्या आणखी वेगाने तुटतात आणि दुखणे वाढते.

दाण्यांतला ओलावा २५० पीपीएमच्या, म्हणजे ०.०२५ टक्क्यांच्या खाली हवा. भोवतालचीच हवा तापवून सोडणारा साधा ड्रायर दमट दिवसांत तिथवर पोहोचत नाही. उणे ४० अंश दवबिंदूची कोरडी हवा देणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायर लागतो. स्फटिकी दाण्यांना त्यात ८० अंशांवर साधारण ४ तास द्या. सुकवलेले दाणे उघड्या हॉपरमध्ये (मशीनवरच्या नरसाळ्यात) ठेवले तर ते पुन्हा ओल धरतात, म्हणून झाकण बंद ठेवा आणि उघडलेली गोणी आतल्या फॉइलसकट सील करा.

सुकवूनही नग तुटत असेल तर अंदाज बांधत बसू नका, मेल्ट फ्लो, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो, ते मोजा. २१० अंश आणि २.१६ किलो वजनावर आधी कोऱ्या दाण्यांचा, मग तुटलेल्या नगाचा. आकडा खूप वाढला असेल तर साखळ्या मशीनमध्ये तुटल्या. मग दाण्यांचा ओलावा तपासा. तो मर्यादेत निघाला तर दोष जास्त तापमानाचा किंवा माल बॅरलमध्ये (वितळवणाऱ्या नळकांड्यात) फार वेळ राहण्याचा. आकडा फारसा हललाच नसेल, तर कारण साच्याची रचना, गेट (साच्यात रस शिरण्याचे तोंड) किंवा कोपऱ्यांतला ताण यांत शोधा. एवढ्या एका चाचणीने बराच वेळ वाचतो.

नेहमीचे पीएलए १९० ते २१० अंशांच्या आसपास चालवतात. २४० च्या वर विघटन झपाट्याने होते आणि लॅक्टाइडची वाफ सुटते. काम थांबवायचे असेल तर पीएलए गरम बॅरलमध्ये सोडून जाऊ नका. पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन चालवून बॅरल साफ करा. आधीचा माल पीईटीसारखा (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) जास्त तापमानाचा असेल तर ही सफाई सुरुवातीलाही करावी लागते. तसे केले नाही तर त्याचे न वितळलेले कण नगात उतरतात.

आणखी एक घोळ भंगाराचा. पारदर्शक तुकडे दळून थेट ८० अंशांच्या ड्रायरमध्ये घातले तर ते ६० च्या पुढे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि ड्रायरमध्ये एकच गठ्ठा बसतो. आधी ते सतत ढवळत ९० ते ११० अंशांवर स्फटिकी करा. तुकडे दुधाळ झाले की काम झाले. तशी सोय नसेल तर ४५ अंशांच्या आतच, जास्त तास देऊन सुकवा.

थ्रीडी प्रिंटरच्या फिलामेंटमध्ये हाच ओलावा नोझलमधल्या तडतडीतून आणि छापलेल्या भागांमधल्या कोळिष्टकांतून दिसतो. रीळ ४५ ते ५० अंशांवर ४ ते ६ तास ठेवले की फरक पडतो.

पीएचबीला पीएलएचे नियम लावणे

पीएचबी हे दुसरे बायोप्लॅस्टिक जीवाणूंच्या पेशीतच तयार होते. मोरिस लेमोन्य यांनी १९२६ मध्ये ते एका जीवाणूत ओळखले. क्युप्रिअॅव्हिडस नेकेटर या जीवाणूला भरपूर साखर किंवा तेल दिले आणि नायट्रोजन किंवा फॉस्फरस तोडला, तर तो कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पॉलिमर साठवतो. इथे वेळ चुकते. नायट्रोजन सुरूच ठेवला तर पेशी वाढत राहतात, पॉलिमर साठत नाही. पहिल्यापासून तोडला तर पेशीच मोजक्या होतात. म्हणून आधी पेशी वाढवायच्या, मग उपासमार करायची.

मशीनवर पीएचबी जास्त नाजूक. ते १७५ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या थोडेच वर तुटायला लागते, तेव्हा बॅरलमधला मुक्काम कमीत कमी ठेवावा. नग चिकटतो म्हणून साचा आणखी थंड करणे ही हमखास होणारी चूक. थंड साच्यात पीएचबीचे स्फटिक सावकाश बनतात आणि नग मऊच राहतो. साचा ५० ते ६० अंशांवर ठेवला तर तो लवकर घट्ट होऊन सुटतो. स्फटिकीकरण खोलीच्या तापमानालाही चालू राहते, त्यामुळे आज लवचिक वाटणारा नग काही दिवसांनी ठिसूळ होतो. मजबुतीची चाचणी त्याच दिवशी उरकू नका, आठवडाभराने पुन्हा घ्या.

स्टार्चच्या प्रयोगातल्या चुका

घरी किंवा शाळेत फिल्म करायची असेल तर १० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, ६० मिलिलिटर पाणी, ५ मिलिलिटर ग्लिसरीन आणि ५ मिलिलिटर व्हिनेगर पुरते. सगळे थंड पाण्यातच कालवा. गरम पाण्यात स्टार्च टाकला की गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. मंद आचेवर ढवळत राहा. दुधाळ रंग जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक झाले की आणखी एक-दोन मिनिटे शिजवा, नाहीतर पांढरे कण राहतात. गुळगुळीत पत्र्यावर २ ते ३ मिलिमीटर जाडीचा थर पसरा आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवा.

भेगा पडल्या तर सुकवण्याची घाई झाली किंवा ग्लिसरीन कमी पडले. पृष्ठभाग चिकट राहिला तर ग्लिसरीन जास्त झाले किंवा हवा दमट आहे. बुरशी धरली तर थर जाड होता. फिल्म पाण्यात विरघळते म्हणून नाराज होऊ नका. स्टार्चचा तो स्वभावच आहे, आणि कारखान्यात त्याच कारणाने त्यात पीबीएटी किंवा पीएलए मिसळतात.

कंपोस्टेबल म्हणजे कुठेही टाकता येते असे समजणे

ईएन १३४३२ या कंपोस्टेबल वेष्टनांच्या युरोपीय मानकात १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त माल उरता कामा नये, आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैवविघटन व्हायला हवे. हे सगळे औद्योगिक कंपोस्टच्या, म्हणजे ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. घरचा छोटा ढीग तेवढा तापून टिकत नाही. पीएलएच्या साखळ्या आधी उष्णता आणि पाण्याने तुटाव्या लागतात, त्यानंतर सूक्ष्मजीवांना तो खाता येतो. म्हणून चमचा तसाच राहतो. घरच्या ढिगासाठी एनएफ टी५१-८०० (फ्रान्स) किंवा एएस ५८१० (ऑस्ट्रेलिया) यांसारख्या मानकाचा माल शोधा. समुद्राच्या थंड पाण्यात तर पीएलए वर्षानुवर्षे टिकतो.

मोठ्या प्रकल्पात माल देण्याआधी ते बायोप्लॅस्टिक घेतात का, हे विचारा. पेले एकात एक घातलेले देऊ नका, आत हवा-पाणी पोहोचत नाही. तुकडे करून द्या. पीएलएत नायट्रोजन नसतो, तेव्हा ढिगाचे कार्बन-नायट्रोजन प्रमाण २५ ते ३० ला १ राखायला हिरवा कचरा वाढवावा लागतो.

पीएलएची बाटली पीईटीच्या गोणीत टाकणे सर्वांत वाईट. पीएलएची घनता १.२४, पीईटीची १.३८, पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात, वेगळे होत नाहीत. पुढे पीईटी १६० अंशांच्या आसपास सुकवताना पीएलए मऊ होऊन गठ्ठे करतो, आणि तयार माल धुरकट निघतो.

कचऱ्याच्या पिशव्यांबाबत दोनच गोष्टी सांभाळा. ओला कचरा निथळून, हवा खेळणाऱ्या डब्यात भरा आणि दर दोन-तीन दिवसांनी पिशवी काढा. रीळ थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवून उत्पादनाच्या तारखेपासून साधारण वर्षभरात संपवा. जुन्या रिळाची शंका आली तर एक पट्टी कापून आडवी ओढा. न ताणता तटकन तुटली तर त्या रिळाची मुदत संपली.