फेदरस्टनहॉ की फॅन्शॉ? इंग्रजी आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

इंग्रजीत सतरा अक्षरांचं एक आडनाव आहे. लिहिल्याबरहुकूम वाचलं तर ते फेदरस्टनहॉ होतं, पण त्याचा गाजलेला उच्चार आहे नुसता 'फॅन्शॉ'. आडनावांचा इतिहास शोधणाऱ्यांना मी नेहमी हेच नाव आधी अभ्यासायला सांगतो. माणसं जिथे जिथे अडखळतात ते जवळजवळ सगळे खड्डे या एकाच नावात सापडतात.

पहिली चूक म्हणजे कानाला जे वाटतं तोच अर्थ धरणं. फेदर म्हणजे पीस, स्टोन म्हणजे दगड, म्हणून 'पिसांचा दगड', असं सांगून लोक मोकळे होतात. पण इथलं 'फेदर' हे जुन्या इंग्रजीतलं 'चार' या अर्थाचं रूप आहे. चार दगड, म्हणजे बहुधा तीन उभे आणि त्यांच्यावर एक आडवा, अशी प्राचीन रचना. शेवटचं 'हॉ' हा उत्तर इंग्लंडचा शब्द, नदीकाठच्या सपाट जमिनीसाठीचा. आपल्याकडे तिला मळई म्हणतात. तेव्हा हे नाव 'चार दगडांजवळच्या मळई'चं आहे. नॉर्थम्बरलंड परगण्यात हॉल्टव्हिसल गावाजवळ, साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टन कॅसल आजही उभा आहे. आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखंच हे गावावरून पडलेलं नाव. फरक इतकाच, की आपला 'कर' दिसतो आणि त्यांचा जुना 'द' ('अमुक गावचा' या अर्थाचा de) काळाच्या ओघात गळून पडला.

यावर काही जण कुलचिन्ह पुढे करतात. या घराण्याच्या ढालीवर शहामृगाची तीन पिसं आहेत, मग अर्थ पिसाचाच नाही का? नाही. नावाच्या उच्चारावर श्लेष करून चिन्ह घडवायची तिथे जुनी रीत होती. पिसं नावावरून आली, नाव पिसांवरून नाही. शिवाय इंग्लंडमध्ये कुलचिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, त्या आडनावाच्या प्रत्येकाला नाही. '१४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स' हीच तिथली अधिकृत जागा. बाजारातली 'तुमच्या आडनावाची ढाल' भिंतीला शोभते. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य.

आता उच्चाराचा गोंधळ. फॅन्शॉ नावाचं एक वेगळं, स्वतंत्र घराणंही आहे आणि त्याचं मूळ डर्बीशरमधल्या होम्सफील्डजवळ, फॅन्शॉ गेट इथे. त्याच घराण्यातला सर रिचर्ड फॅन्शॉ आपल्या किनाऱ्याशी दोन धाग्यांनी जोडलेला आहे. गोव्यात राहून गेलेल्या कामोइंशच्या पोर्तुगीज महाकाव्याचं इंग्रजी भाषांतर त्याने १६५५ साली छापलं. पुढे ज्या लग्नात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली, त्या दुसऱ्या चार्ल्सच्या आणि कॅथरिनच्या लग्नाच्या कामी तो लिस्बनलाही गेला. केवळ उच्चार जुळतो म्हणून त्याला फेदरस्टनहॉंच्या वंशवृक्षावर चढवू नका.

नोंदवहीत नाव सापडत नसेल तर दोष बहुतेक वेळा शोधण्याच्या पद्धतीत असतो. चर्चच्या नोंदी १५३८ पासून ठेवायला लागले, सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, आणि मधल्या तीनशे वर्षांत स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होतं. साउंडेक्स नावाची ध्वनीवर चालणारी शोधपद्धत बरीच मदत करते. फेदरस्टनहॉ, फेदरस्टन, फेदरस्टनहाल्घ या सगळ्यांना ती एफ-३६२ हाच संकेत देते. फॅन्शॉला मात्र एफ-५२० मिळतो, म्हणून दोन्ही संकेत वेगवेगळे शोधा. त्याहून फसवा आहे जुना लांब 'एस'. तो 'एफ'सारखा दिसतो. उतरवून घेणाऱ्याने मधला 'एस' चुकून 'एफ' वाचला की संकेत एफ-३६१ होतो आणि अख्खी नोंद नजरेआड जाते. तोही टाकून पाहाच. सुरुवातीला दोन छोटे 'एफ' दिसले तर त्यात खानदानी असं काही नाही. मोठा 'एफ' लिहायची ती एक पद्धत होती.

तारखांचंही तसंच. १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा लग्न एप्रिल १७३१ चं आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१ चा दिसला, तर बाळ लग्नाआधीचं समजू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२ चा, म्हणजे लग्नानंतर दहा महिन्यांनी आलेला.

छापील आहे म्हणून खरं, ही समजूत मात्र मोठमोठ्यांना भोवली आहे. कवी वॉल्टर स्कॉटने १८०८ च्या 'मार्मियन' या काव्यात फेदरस्टनहॉच्या खुनाचा एक जुना पोवाडा छापला. तो त्याला पुरवला होता रॉबर्ट सर्टीझ या इतिहासकाराने, आणि सर्टीझने तो स्वतःच रचलेला होता. स्कॉटला त्याचा संशयही आला नाही.

शेवटी, आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं धरून चालू नका. ससेक्समधल्या अपपार्क वाड्याचे मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी १८२५ साली, सत्तरी गाठल्यावर, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलकशी लग्न केलं. १८४६ मध्ये ते गेले आणि इस्टेट तिच्याकडे आली. तिच्यामागे ती बहीण फ्रान्सिसला मिळाली, आणि फ्रान्सिसने फेदरस्टनहॉ हे आडनाव घेतलं. तिच्यानंतरच्या वारसांनीही आपल्या नावामागे ते जोडलं. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीसोबत मृत्युपत्रही वाचा. लेखक एच. जी. वेल्स यांची आई १८८० पासून अपपार्कमध्ये ज्या मिस फेदरस्टनहॉंची कारभारीण होती, त्या जन्माने बुलक होत्या.