गायीच्या तोंडात हात घालायच्या आधी

पशुवैद्यकीयची साडेचार वर्षं झाली, आता इंटर्नशिपचं वर्ष. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या आपल्या कॉलेजच्या ओपीडीत कुत्री भरपूर बघाल, पण मोठ्या जनावरांवर हात बसवायचा तर ग्रामीण पोस्टिंग टाळू नका. हजेरीच्या सह्या मॅनेज करून रूमवर पीजीचा अभ्यास करणारे दर बॅचला असतात. त्यांची रँक येते, पण गायीच्या मानेची शीर सापडत नाही.

ताप, नाडी, पोटाची हालचाल तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते लाळेबद्दल.

उन्हाळ्यात मालक गाय घेऊन येतो: "साहेब, आंब्याची कोय अडकली जी, पाणी बी पिऊन नाही राहिली." तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत. सोबतचे सीनियर म्हणाले, "घाल हात, बघ." मी बाही वर सारली, तेवढ्यात तिथल्या जुन्या अटेंडंटकाकांनी माझं मनगट धरलं आणि मालकाला विचारलं, "आवाज बदलला का हिचा?" बदलला होता. घोगरी, सारखी हंबरत होती.

रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात. गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आणि सगळ्यांना वाटतं काहीतरी अडकलंय. खरंच अन्ननलिका पूर्ण बंद झाली असेल तर गॅस बाहेर पडत नाही, डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) फुगते. भकाळी फुगलेली नाही, आवाज बदललाय, सारखी कुंथतेय, मागचे पाय लटपटतायत, तर हात खिशात ठेवा. कुत्रा चावल्याचं मालकाला आठवत नाही म्हणून रेबीज नाही, असं मुळीच समजू नका. चावा महिन्यांपूर्वीचा असू शकतो, आणि चरायला गेलेल्या गायीला कोण चावलं हे कोण बघतं? घरात तिला नाळीनं (बांबूच्या नळीनं) औषध कोणी पाजलं तेही विचारा आणि त्या सगळ्यांना त्याच दिवशी लसीसाठी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठवा.

पोस्टिंगआधी स्वतःची रेबीजची लस पूर्ण करा: 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. लस झाली असली तरी लाळ जखमेला लागली तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवायचं आणि 0 व 3 या दिवशी पुन्हा डोस घ्यायचे. "आम्हाला काही झालं नाही" म्हणणाऱ्या सीनियरांचं ऐकायचं नाही. माझं मत विचाराल तर पहिला महिना अटेंडंटच्या मागे फिरा.

एवढं वाचून घाबरू नका. बहुतेक केसेस साध्या असतात. कॅल्शियम कमी पडून आडवी झालेली ताजी व्यालेली गाय शिरेतून कॅल्शियम दिल्यावर उठून उभी राहते, तेव्हा गोठ्यातली म्हातारी तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. फक्त बाटली हळू सोडा, स्टेथोस्कोप हृदयावरून काढू नका, ठोके बिघडले की लगेच थांबा. सुई शिरेबाहेर गेली तर मान सुजते, म्हणून मधूनमधून रक्त येतंय का बघत जा.

आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे स्वतःचे न्या. अडकलेली वार काढताना ब्रुसेलोसिसची (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराची) भीती असते, आणि दवाखान्यातला साठा नेमका त्याच दिवशी संपलेला असतो.