इंग्रजी व्याकरण शिकवताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

बी.एड.च्या इंटर्नशिपला कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीचा इंग्रजीचा तास वाट्याला आला. पाठ टाचण टापटीप, तक्ते रंगीत, मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन मार्गदर्शक मॅडम. तरी व्याकरण पोरांच्या गळी उतरेना. वह्या तपासायला बसले तेव्हा कळलं, निम्म्या चुका मीच शिकवल्या होत्या.

पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, असं सांगू नका

मी फळ्यावर तसंच लिहिलं होतं: ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. मग भाषांतराला दोन वाक्यं दिली, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दिसतात तशी. 'गवळी म्हैस आणतो' सगळ्यांनी बरोबर लिहिलं. 'गवळ्याने म्हैस आणली' याचं मात्र बहुतेकांनी 'द बफेलो वॉज ब्रॉट बाय द मिल्कमन' करून ठेवलं.

पोरं माझ्याच नियमाने चालली होती. मराठीत भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माच्या मागे जातं: म्हैस आणली, रेडकू आणलं. म्हणून तो कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र तेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह, 'द मिल्कमन ब्रॉट द बफेलो'. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'आणली गेली' किंवा 'आणण्यात आली'.

दुसऱ्या दिवशी प्रयोगांची नावं फळ्यावरून पुसली आणि पुराच्या बातमीवर आले. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथल्या पोरांना क्रियापदांच्या रूपांपेक्षा चांगलं पाठ असतं. 'रस्ता बंद करण्यात आला,' मी म्हटलं. कुणी बंद केला?

"पोलिसांनी, मॅडम."

"ते सांगायची गरज आहे?"

"नाय. रस्ता बंद हाय एवढं कळलं की झालं."

मग 'द रोड वॉज क्लोज्ड' लिहिलं आणि 'बाय' जोडलाच नाही. पाठ्यपुस्तकातल्या सरावात 'बाय' एवढा घोटला जातो की त्याच्याशिवाय पॅसिव्ह होतच नाही असं पोरांना वाटतं.

'डिड यू वेन्ट' दिसलं की नुसती लाल रेघ मारू नका

मराठीत 'तू गेलास' याचा प्रश्न करायला शेवटी 'का' जोडला की काम झालं, क्रियापदाला हात लागत नाही. पोरं 'डिड'कडेही तसाच 'का' म्हणून बघतात आणि 'वेन्ट' जागेवर ठेवतात. मी पुठ्ठ्याचं कार्ड केलं: वर 'वेन्ट', घडी उलगडली की आत 'डिड' आणि 'गो'. भूतकाळ एकच आहे, तो 'डिड'ने नेला, 'गो'कडे उरला नाही. 'डझ ही प्लेज' लिहिणाऱ्यांनाही हीच घडी चालते, तिथे 'एस' उचलला जातो.

'सिन्स टू इयर्स'चं मूळ 'पासून'मध्ये आहे. दोन वर्षांपासून आणि सोमवारपासून, आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द. कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर 'सिन्स', बोटांवर मोजावं लागलं तर 'फॉर'. पाच मिनिटांचं काम आहे, याला अख्खा तास घालवू नका.

आणि "समजलं का?" हा प्रश्न तर विचारूच नका. "होऽऽ मॅडम" असं सुरात येतं, ते निरीक्षण वहीत छान दिसतं, बाकी उपयोग शून्य. त्याऐवजी तास संपताना चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून मागा, नावाशिवाय.

माहीत नसेल तर ठोकून देऊ नका

'पंचगंगा'च्या आधी 'द' येतो, 'रंकाळा लेक'च्या आधी येत नाही. का, असं एकाने विचारलं. मागे मॅडम बसलेल्या, मला घाम फुटला आणि मी म्हणाले, नदी पवित्र असते म्हणून.

"मग अंबाबाईला का न्हाई, मॅडम?"

वर्ग फुटला. मॅडमसुद्धा वहीआड हसत होत्या. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच सांगितलं, कालचं उत्तर खोडा. नद्यांच्या नावांना 'द' लागतो, तलावांच्या आणि माणसांच्या नावांना सहसा लागत नाही, तशी वहिवाट आहे. त्याने शांतपणे खोडलं, आणि मग समुद्राचं विचारलं. या वेळी मी घरून बघून आले होते.