अल्टरनेटर स्वतः बदलायचाय? आधी मीटर लावा, मग पाना

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटला म्हणजे अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र) गेलाच, असं धरून चालू नका. बऱ्याचदा दोष निघतो सैल बेल्टचा, गंजलेल्या टर्मिनलचा किंवा उडालेल्या मेन फ्यूजचा. साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो १३ च्या खालीच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय.

मग वायर तपासा. इंजिन आणि लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर टेकवा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर किंवा तिचं टोक खराब आहे, अल्टरनेटर नव्हे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यात ०.२ च्या आत हवा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय मात्र कायमची सोडा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेली गाडी असेल तर जास्त बारकाईने बघा. पाणी शिरलेला अल्टरनेटर काही काळ चालतो, मग स्लिप रिंगवरच्या (आतल्या फिरत्या धातूच्या कड्यांवरच्या) गंजाने त्यांना टेकलेले कार्बनचे ब्रश झिजतात आणि बेअरिंग घरघरू लागतं. नुसते ब्रश किंवा रेग्युलेटर गेला असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तेवढंच बदलून घेणं शहाणपणाचं. बॉडीच गंजलेली असेल तर नवा घ्या.

इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीचं मायनस आधी काढा, बहुतेक ठिकाणी १० चा पाना लागतो. हे विसरलात तर जाड वायरीचा नट सोडताना पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतील, कारण ती वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. बेल्ट कुठून कसा जातो त्याचा फोटो काढा. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारी स्प्रिंगची पुली) असेल तर तो रॅचेटने फिरवून बेल्ट उतरवा. बेल्ट हाताने ताणायची खाचेची पट्टी असेल तर खालचा पिव्होट बोल्ट (ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो) थोडा ढिला करा, मग लॉक बोल्ट, मग ॲडजस्टर. कपलरची (बारीक वायरींच्या प्लास्टिक प्लगची) कडी दाबूनच तो ओढा. वायर धरून ओढलीत तर पिन निसटते. जाड वायर आणि शेवटी माउंटिंगचे बोल्ट सोडा. बोल्ट अडला तर गंजाचा स्प्रे मारून वाट बघा.

नवा घेताना जुना दुकानात सोबत न्या. अँपिअर, पुलीच्या खाचा, कपलरच्या पिना आणि माउंटिंगचे कान, चारही जुळलेच पाहिजेत. स्मार्ट हायब्रिड गाड्यांतला स्टार्टर-जनरेटर (इंजिन चालूही करणारा आणि वीजही बनवणारा) हा वेगळा प्रकार आहे, त्याला घरी हात लावू नका.

बसवताना हमखास अडचण येते: अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये सरकत नाही. अनेक मॉडेलांत एका कानात सरकणारी बुश (धातूची छोटी नळी) असते. ती हलक्या हातोडीने किंचित मागे ठोका, जागा होते. बोल्ट आवळला की ती आपोआप पकडते. जाड वायरीचं टोक घासून चकचकीत करा आणि नट घट्ट करा, कारण सैल राहिला तर ते टोक तापून वितळतं. मात्र जोर लावून आटे उडवू नका.

हाताने ताणायचा बेल्ट असेल तर दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर दिल्यावर तो ८ ते १० मिमी दबावा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. जास्त ताणलात तर नव्या अल्टरनेटरचं बेअरिंग लवकर जातं, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपाचंही. ढिला ठेवलात तर पावसात किंचाळतो.

बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर भरून घ्या. मेलेली बॅटरी भरताना नवा अल्टरनेटर बराच वेळ पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. मायनस शेवटी जोडा. गाडी चालू करून हेडलाइट, वायपर, ब्लोअर लावा आणि परत मीटर बघा. १०० किलोमीटरनंतर बेल्टचा ताण पुन्हा तपासा. नवा बेल्ट टाकला असेल तर तो थोडा सैल होतोच.